मोठ्या बाईंचा बुधवार

माझ्यावर सोपवलेलं काम इतकं साधं होतं की सांगायलाही संकोच वाटतो. दर बुधवारी दुपारी रेडिओ लावायचा, एक नाटक ऐकायचं आणि ते लक्षात ठेवायचं. इंटरपर्यंत शिकलेल्या बाईला एवढं जमायला काय हरकत होती?

नाही जमलं.

बासष्टचा उन्हाळा. अकोल्यात महादेवराव देशमुखांच्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहत होतो. देशमुखांचं कापसाचं जिनिंग होतं, खेड्यावर काळ्या मातीची शेती होती, दारात मोटार होती. आमचे हे हायस्कुलात मास्तर. मॅट्रिकचे पेपर तपासायला नागपूरला गेलेले. मागे मी आणि माझी तारा. तारा तीन वर्षांची झाली होती आणि बोलत नव्हती.

बोलत नव्हती म्हणजे एक शब्द नाही. आई नाही, पाणी नाही, नको नाही. ऐकू सगळं यायचं. शेजारच्या खोलीत कडी वाजली तरी मान वळायची. अमरावतीच्या डॉक्टरांनी कान पाहिले, घसा पाहिला आणि ‘बोलेल’ म्हणाले. कधी, ते नाही म्हणाले. सासूबाईंनी वेखंड उगाळून जिभेवर लावायला सांगितलं. लावलं. कुणीतरी म्हणालं, पोपटाचा उष्टा पेरू द्या. मी शिकलेली बाई, पण थंडीत हातात पेरू घेऊन पोपट पाळलेलं घर शोधत हिंडले. पोपटानं पेरूला चोच लावली नाही आणि मग तारानंही तो खाल्ला नाही. नागपूरहून यांचं कार्ड यायचं, त्यात शेवटची ओळ ठरलेली: ‘तारा बोलली का?’ मी उलट लिहायची, ‘इकडे हवा फार तापली आहे.’

देशमुख मंडळी उन्हाळ्याला चिखलदऱ्याला निघाली. मोटारीत वळकट्या भरणं चाललं होतं, तेवढ्यात त्यांची चारुशीला धावत मागे आली. सोळा वर्षांची, एकुलती एक, आणि अलीकडे रेडिओवरच्या मुलींसारखं बोलायचा तिनं ध्यास घेतलेला.

‘वहिनी, “उंच खिडक्या”चा एकही भाग सोडायचा नाही हं! तिथं डोंगरात नुसती खरखर येते. मृणालचं काय होते ते मला शब्द न् शब्द सांगायचं.’

‘होतं,’ मी म्हणाले. मास्तरांची बायको ना!

‘तेच ते,’ ती म्हणाली आणि पळाली.

‘उंच खिडक्या’ म्हणजे मुंबईतल्या दोन गडगंज घराण्यांची गोष्ट. त्यांची पोरं कॉलेजात जायची, टेनिस खेळायची, एकमेकांच्या मोटारी पळवायची, आणि भाग संपता संपता कुणीतरी रडत जिन्यावरून धावत जायचं. आळीतल्या बायका हातातलं काम टाकून देशमुखांच्या बैठकीत येऊन बसायच्या. सगळ्यांचा जीव मृणालमध्ये. गिरणीवाल्यांच्या घरी सून व्हायच्या आधी वळण लावायला म्हणून आणून ठेवलेली सोळा वर्षांची मुलगी. आई कोकणात, आजारी. मृणाल म्हणायची मला आईकडे जाऊ द्या, आणि ती माणसं म्हणायची, उद्या.

चारुशीलेच्या मागोमाग वच्छलाबाई आल्या. महादेवरावांची ही दुसरी बायको. त्यांच्या गळ्यात काळ्या पोतीच्या खाली एक चांदीचा टाक असायचा, बोटभर रुंदीचा, त्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती. पहिली गेली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात बाळगायचा, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. पण आज तो टाक त्यांच्या तळहातावर होता, लाल दोऱ्यात ओवलेला.

‘मास्तरीणबाई, एक काम हाय. हसू नका. साखळीची कडी तुटली न् सोनार गेला लग्नाले. दोऱ्यात बांधून घाटात कुठी पडला-बिडला तं मले जन्मभराचा घोर. मोठ्या बाईले घरीच ठेवून जातो. रोज हळद-कुंकू वाहा. न् बुधवारी रेडिओ लावसान तवा तिले पयल्या खुर्चीत ठेवा.’

‘रेडिओसाठी?’

‘या घरात जे नवं येते ते पयले तिले. लुगडं पयले तिले, आंबा पयले तिले. रेडिओ आला, तं पयलं गाणं तिले ऐकवलं. आन् हे नाटक तिले लय आवडते.’

‘कशावरून?’

‘माह्या गळ्यात असते ना,’ त्या म्हणाल्या. ‘समजते मले.’

मी हसले नाही. त्याच पुढे बोलल्या, ‘सोळा वर्साची होती. दर्यापुराकडची. ताप आला, तं मायजवळ जातो म्हणे, मायजवळ जातो. पन कापसाचा हंगाम, एक गाडी मोकळी नव्हती. हे म्हणत, उद्या. उद्या करता करता…’

मोटारीचा भोंगा वाजला. टाक कुणाच्या हातात देऊ नका, असं त्या म्हणाल्या नाहीत. असलं सांगायची गरज कुणाला वाटणार?

पहिल्या बुधवारी मी एकटीच ताराला घेऊन बैठकीत गेले. आळीतल्या बायका आपापल्या माहेरी, नाहीतर उन्हाला भिऊन घरात. आमच्याकडची उन्हाळी दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना वाटतं, भीती फक्त काळोखाला असते. बाहेर रस्ता पांढरा पडलेला, त्यावर कुत्रंसुद्धा नाही, कडुलिंबाच्या झाडात एक होला पक्षी तेवढा घुमतोय. आणि दार लोटून आत गेलं की डोळ्यांपुढे एकदम अंधारी. खुर्च्यांवर पांढऱ्या खोळी घातलेल्या. खिडक्यांना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या, पण पाणी मारायला माणूस नाही, त्यामुळे वाळून कोळ झालेल्या. हात लागला की नुसता चुरा पडायचा.

मी टाक पहिल्या खुर्चीवर ठेवला, मग स्वतःलाच हसून उचलला, मग परत ठेवला. रेडिओचं बटण फिरवलं. आधी त्याचा हिरवा डोळा उघडला. मग बऱ्याच वेळानं, आवाज तापत तापत वर आला.

आणि तारानं भोकाड पसरलं.

तिचं रडणं बिनशब्दाचं असायचं, त्यामुळे ते थांबवायचं कशानं ते कळायचं नाही. पाणी दिलं, ढकललं. कडेवर घेतलं, पाठ ताठ केली. रेडिओतून टेनिसच्या रॅकेटबद्दल काहीतरी ऐकू आलं, मग मृणालचा हुंदका, मग संगीत, मग संपलं. एवढा एक अर्धा तास मी स्वतःसाठी मागितला होता. ‘काय हवं ते बोल ना एकदा!’ मी ओरडले. ज्या पोरीला बोलता येत नाही तिला. तिनं नुसतं बोट केलं, पहिल्या खुर्चीकडे.

दुसऱ्या बुधवारी तसंच. नाटक सुरू झालं आणि तारा बोट दाखवून किंकाळायला लागली. तुम्ही म्हणाल, उठून घरी जायचं होतं. पण त्या आठवड्यात सासूबाईंचा निरोप आला होता की माझ्या माहेरी कुणी मुकं होतं का ते एकदा विचारून घ्या. डोकं असं तापलं होतं की मला फक्त ते नाटक ऐकायचं होतं. दुसऱ्याच्या घरचं रडणं. मी टाक उचलला आणि लाल दोरा सरळ तिच्या गळ्यात घातला.

ती गप्प झाली.

खुर्चीवर चढली. रोज तंगड्या पसरून बसणारी माझी पोर, दोन्ही पाय एका अंगाला मुडपून बसली. एक हात वर गेला आणि डोक्यावरून पुढे आला, पदर सावरावा तसा. मला मजा वाटली. कुणाची नक्कल करते ही, असा विचार करत मी रेडिओकडे वळले.

‘मला आईकडे जायचंय,’ मृणाल म्हणत होती. ‘एकच दिवस…’

माझ्या मागून आवाज आला.

‘आवाज वाढव ना वं. मले ऐकू नाई येऊन राह्यलं.’

आणि मी आवाज वाढवला. खरं सांगते, आधी बटण फिरवलं आणि मग माझा हात तिथंच राहिला. बैठकीत आम्ही दोघीच होतो. आमच्या घरात असं कुणी बोलत नसे. वडिलांपासून शुद्ध बोलायचा दंडक. मी हळूहळू मान वळवली. तारा रेडिओच्या हिरव्या डोळ्याकडे बघत होती. तो उजेड टाकावर पडला होता. आणि खोलीत वास येत होता, नुकतंच पाणी मारलेल्या खसाचा. गार, ओला. मी बाजूच्या ताटीला हात लावला. चुरा पडला.

नाटक संपेपर्यंत मी हलले नाही. मग गुडघ्यांवर तिच्यासमोर बसले. घाबरले होते की हरखले होते, आजही सांगता येत नाही.

‘तारा… आई म्हण. एकदा म्हण, आई.’

तिनं माझ्याकडे पाहिलं. परक्या घरी आलेल्या पाहुणीकडे बघावं तसं.

‘माय तं गावाले हाय,’ ती म्हणाली.

मी दोरा ओढून काढला. तिनं डोळे मिचकावले, खुर्चीवरून घसरली आणि पुन्हा आपली मुकी तारा होऊन माझ्या लुगड्याला लोंबकळली.

यांना कार्ड लिहायला बसले. ‘तारा बोलली’ लिहिलं. काय बोलली ते कसं लिहिणार? कार्ड चुलीत घातलं.

शहाणी बाई त्या बैठकीला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकती. मी काय केलं? एक नाणं भोक पाडून दोऱ्यात ओवलं आणि ताराच्या गळ्यात घालून पाहिलं. मग माझी पोत घातली. मग तिच्यासमोर बसून मीच वऱ्हाडीत बोलले, ‘तुले काय पाह्यजे वं?’ ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली. टाकाशिवाय काही नाही. आठवडाभर मी स्वतःशी वाद घातला आणि स्वतःला हरवलं. माझं म्हणणं असं, की बोलणं कुणाचंही असो, घसा माझ्या मुलीचा आहे. घशाला सवय लागेल. यात शास्त्र आहे असंही मला वाटलं. तीन वर्षं ज्या आईनं एका शब्दाची वाट पाहिली असेल तिलाच माझं शास्त्र कळेल.

तिसऱ्या बुधवारी मीच तिचा हात धरून गेले. मीच दोरा गळ्यात घातला. तिनं पाय मुडपले, पदर सावरला. होला घुमायचा थांबला.

त्या दिवशी मृणाल पळाली. आईचं जास्त झालं अशी तार आली होती आणि ती कुणीतरी तिच्यापासून लपवली होती. ती ट्रंक घेऊन फाटकाशी आली. मोटार सुरू होती, इंजिनाचा आवाज येत होता. मागून जिन्यावर चपला वाजल्या. मी इतकी पुढे झुकले होते की क्षणभर तारालाही विसरले.

‘थांब, मृणाल!’ भावी सासूचा आवाज. ‘त्या फाटकाला हात लावलास तर…’

आणि लाइन गेली.

हिरवा डोळा बारीक होत होत विझला. एवढी चीड मला आयुष्यात आली नसेल. मी रेडिओवर थाप मारली. ‘मेल्यांनो, आत्ताच?’ मी मोठ्यानं म्हणाले. मग शांतता. बाहेर काही नाही, पान नाही, पाखरू नाही. खसाचा ओला वास नाकात भरत चालला.

‘पुढं काय झालं?’

‘लाइन गेली गं,’ मी पाठमोरीच म्हणाले. ‘येईल आता.’

‘पुढं काय झालं वं…?’

‘मला नाही माहीत, तारा.’

‘गाडी मोकळी झाली का?’

माझ्या मनगटावर तिचा हात पडला. भाजला. मी वळून तिचं कपाळ पाहिलं, गळा पाहिला. पोर तव्यासारखी तापली होती. डोळे उघडे, माझ्यावर खिळलेले, आणि ओठ एकदम वाळलेले. मी दोऱ्याला हात घातला. तिनं टाक मुठीत आवळून धरला होता. तीन वर्षांच्या मुलीची मूठ मला सुटेना. श्वास जलद चालला होता.

‘सांग ना… गाडी मोकळी झाली का? का उद्या?’

उद्या म्हटलं तर काय होईल ते मला कळलं. कसं ते विचारू नका.

‘झाली,’ मी म्हणाले. ‘आजच झाली. फाटक उघडलं आणि ती गाडीत बसली.’

‘मंग?’

मी जन्मात कधी गोष्ट रचलेली नाही. शाळेत निबंधालासुद्धा वडिलांनी सांगितलेलं लिहायची. पण मी सांगत गेले. मोटार निघाली, गावाबाहेर आली. कोकणचा रस्ता मी पाहिलेला नाही, म्हणून मग दोन्हीकडे कापसाची पऱ्हाटी आली, काळी भेगाळलेली जमीन आली. बोलता बोलता मोटारीची बैलगाडी कधी झाली मला कळलं नाही. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा बांधल्या. गाडी पांदणीच्या अरुंद वाटेनं गेली, पुढे नदी, नदीपलीकडे घर.

‘माय दारात होती का?’

‘होती. केव्हाची उभी होती.’

‘भाकरतुकडा ओवाळला का?’

‘ओवाळला. पायांवर पाणी घातलं.’

‘जवळ घेतलं?’

‘घेतलं,’ मी म्हणाले. ‘घेतलं, आणि म्हणाली, आता कुठं जायचं नाही.’

‘मंग…?’

‘मग काही नाही. ती तिथंच राहिली. तिला न्यायला कुणी आलं नाही.’

खुर्चीतून एक लांब श्वास ऐकू आला. एवढ्याशा छातीत मावणार नाही इतका लांब. मूठ सुटली. मी दोरा काढून टाक दूर भिरकावला आणि ताराला छातीशी धरलं. तिच्या अंगाला दरदरून घाम सुटला. केस ओले, पाठ ओली. बाहेर होला पुन्हा घुमायला लागला.

‘आई,’ तारा म्हणाली. ‘पाणी.’

लाइन आली तेव्हा रेडिओवर शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला होता आणि मी फरशीवर बसून रडत होते.

त्यानंतर तारा जी बोलायला लागली ती थांबेना. पाणी, नको, चिऊ, मला दे. अगदी आमच्या घरातलं बोलणं. हे परत आले तर दारातच तिनं विचारलं, ‘बाबा, खाऊ?’ यांनी पिशवी खाली ठेवली आणि चष्मा पुसत बसले. मग मला म्हणाले, ‘हे कळवायचं सोडून तू हवा तापल्याचं काय लिहीत होतीस?’ सासूबाई म्हणाल्या, वेखंडाचा गुण आला. मी कबूल करून टाकलं. टाक शोधून, धुऊन, हळद-कुंकू वाहून देवघरात ठेवला. त्याच्याकडे बघायचं मात्र टाळत होते, आणि पुढच्या बुधवारी रेडिओही लावला नाही.

पहिला पाऊस व्हायच्या आत देशमुख मंडळी परतली. ताट्या उतरवून झाल्या होत्या, बैठकीच्या खिडक्या सताड उघड्या. सोनाराकडून साखळी आली. वच्छलाबाईंनी टाक गळ्यात घातला, मग परत हातावर घेतला, तोलून पाहावा तसा.

‘मास्तरीणबाई, हा हलका कावून लागून राह्यला?’

‘हलका?’

‘इतकी वर्सं गळ्यात वागवला मी. हा रिकामा हाय.’

मला बरं वाटलं. हे लिहितानाही आठवतं, मला फार बरं वाटलं. गेली, माझ्या मनात आलं. मायजवळ गेली. मी सांगितलेल्या गोष्टीनं एवढं तरी झालं. आयुष्यात एक काम धड केलं असं वाटून मी ओसरीवर टेकले. तारा अंगणात लिंबोळ्या गोळा करत होती, एकेक मोजल्यासारखी पुटपुटत.

तेवढ्यात चारुशीला आली. ‘वहिनी, आता सांगा. शेवटचं. मृणाल फाटकाशी आली, मग?’

‘मग… गेली ती घरी. आईकडे.’

‘अय्या, वहिनी!’ ती खो खो हसत सुटली. ‘तुम्ही झोपल्या होत्या का? मी मुद्दामच विचारलं. अहो, तिथं शेजारच्या बंगल्यात अमरावतीची एक मुलगी आली होती, तिनं मला सगळं सांगितलं. फाटक उघडलंच नाही! सासूनं आधीच गुरख्याला कुलूप घालायला लावलं होतं. मृणालला ओढत परत…’

मी हातानं खूण केली. डोळ्यांनी केली. ती कुठली थांबते!

‘…परत खोलीत नेलं. आणि तिकडं तिची आई वाट बघून बघून वारली! पुढच्याच बुधवारी लग्न. ती कधीच गेली नाही, वहिनी.’

अंगणातलं पुटपुटणं थांबलं.

ताराच्या ओच्यातल्या लिंबोळ्या घरंगळल्या. ती हळूहळू ओसरीपर्यंत आली, पायरी चढली आणि माझ्यासमोर बसली, दोन्ही पाय एका अंगाला मुडपून. चारुशीला अजून हसत होती. वच्छलाबाईंचा हात मात्र गळ्यातल्या टाकावर गेला आणि तिथंच राहिला. उघड्या खिडकीतून खसाचा ओला वास आला.

तारानं डोक्यावरून हात फिरवून पुढे आणला.

‘तुनं तं सांगतलं होतं,’ ती म्हणाली, ‘थे माहेरी गेली म्हणून…’

आणि तिनं माझं मनगट धरलं. हात भाजत होता.